कंकणधारी तारकाविश्व

भुजंग तारकासमूहांत एक विलक्षण तारकाविश्व आहे: मधोमध पिवळसर गोळा, भोंवतीं निळसर कंकण, आणि दोहोंमध्यें जवळजवळ रितें आकाश. १९५० सालीं आर्थर होग यांनीं तें निदर्शनास आणलें. कंकण म्हणजे पलीकडील विश्वाचा, गोळ्याच्या गुरुत्वाकर्षणानें वांकलेला प्रकाश असावा, असा एक तर्क त्यांनींच मांडला. तर्क मोठा मोहक. पण वर्णपटापुढें टिकला नाहीं. कंकण पलीकडचें असतें, तर त्याचा प्रकाश तांबड्या बाजूस अधिक सरकलेला दिसता. प्रत्यक्षांत दोन्ही सेकंदास सुमारें १२,७०० किलोमीटर वेगानें आपणांपासून दूर जात आहेत! तेव्हां कंकण गोळ्याचेंच. मग तें घडलें कसें? शिल्पकार तारकासमूहांतील ‘गाड्याचें चाक’ टकरीनें झालें. येथें टक्कर देणारा कोणी जवळपास दिसत नाहीं. बाहेरील वायु ओढला गेला, असें कित्येक म्हणतात. एकमत अद्याप नाहीं.