विद्यापीठाची विद्या आणि शहापूरची विहीर

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. मुंबईची तहान भागविणारे तानसा आणि भातसा हे जलाशय याच तालुक्यात आहेत. त्यांतील तानसा धरण तर १८९२ चे. असे असूनही उन्हाळ्यात येथील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. याचे खापर निसर्गावर फोडणे सोयीचे असले, तरी न्याय्य नव्हे. कठीण बेसॉल्ट खडकाच्या उतारावरून पाणी झपाट्याने वाहून जाते आणि जमिनीत थोडेच मुरते, हे खरे. परंतु कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते आणि नळयोजना होऊनही नळ कोरडा का राहतो, याचा शास्त्रीय हिशेब मांडणे हे विद्वानांचे काम नव्हे काय?

या दृष्टीने मुंबईच्या आयआयटीतील प्रा. मिलिंद सोहोनी यांची कारकीर्द विचार करण्याजोगी आहे. त्यांचा मूळ विषय संगणकशास्त्र. ‘पी विरुद्ध एनपी’ या विख्यात गणिती कूटप्रश्नाकडे भूमितीच्या वाटेने जाण्याची दिशा त्यांनी केतन मुळमुळे यांच्यासमवेत दाखविली. त्या मालिकेतील पहिला शोधनिबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या कीर्तीवर कोणीही निश्चिंत राहिला असता. सोहोनी मात्र त्याच संस्थेतील ग्रामीण तंत्रज्ञानविषयक केंद्राकडे वळले आणि पिण्याच्या पाण्याच्या प्रश्नात शिरले. या केंद्राचे विद्यार्थी काही आठवडे खेड्यात राहतात, विहिरी मोजतात, नळयोजनांची तपासणी करतात. पुढे राज्य शासनाच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटीने गावोगावच्या पाण्याच्या ताळेबंदाची रीत तयार केली. पडलेल्या पावसापैकी किती वाहून गेला, किती मातीत राहिला, किती भूगर्भात मुरला आणि पिकाला किती कमी पडला, याचे गणित तीत मांडले जाते.

प्राध्यापकाने ज्ञाननिर्मिती करावी, विहिरी मोजणे हे सरकारी खात्याचे काम, असा आक्षेप यावर घेतला जातो. परंतु खात्याचे अंदाजपत्रक बरोबर की चूक, हे तटस्थपणे सांगणारा कोणी नसेल, तर चूक वर्षानुवर्षे तशीच चालू राहते. खरी अडचण निराळीच आहे. प्राध्यापकांच्या बढतीसाठी परदेशी नियतकालिकांतील निबंध मोजले जातात. कोरड्या विहिरीवरील अहवालाला तेथे फारसे मोल नसते.

महाविद्यालयांना आपापल्या परिसराच्या प्रश्नांशी जोडण्यासाठी शासनाने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. त्यामुळे वाट खुली झाली. पण तिच्यावरून चालणारे हवेत. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील महाविद्यालयांना शहापूर काही दूर नाही; कसारा लोकलने आसनगावला उतरले की आपण तालुक्यात पोहोचतो. विज्ञानाच्या किंवा अर्थशास्त्राच्या एखाद्या वर्गाने एका पाड्याच्या विहिरीची पातळी वर्षभर नोंदविली, तरी ग्रामसभेच्या हाती एक पुरावा येईल. अशा कामाला परीक्षेत गुण आणि शिक्षकाच्या सेवापुस्तकात नोंद मिळावी, एवढा निर्णय विद्यापीठांनी घ्यावयास हवा.