जुन्या होडीचा रंग खरवडताना

शिडाची जुनी लाकडी होडी दुरुस्तीला घेतली की आधी जुना रंग खरवडावा लागतो. काम साधे दिसते. पण धोका त्या धुळीतच असतो. पूर्वीच्या अनेक तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला. होडीवर मात्र त्याआधीचे थर तसेच असतात.

ही धूळ श्वासावाटे शरीरात जाते. हात न धुता तंबाखू मळली किंवा जेवले, तर पोटातही जाते. मग पोट दुखते, शौचास साफ होत नाही, थकवा येतो, रक्त कमी होते. लहान मुलांच्या तर मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो.

काय काळजी घ्यावी?

रंग कोरडा घासू नये. पाणी लावून वॉटर पेपरने घासावा. ज्योतीने जाळून काढू नये, त्याचा धूर विषारी असतो. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. एन-९५ मास्क वापरावा. पडलेला रंग गोळा करून मुलांपासून दूर ठेवावा. कामाच्या कपड्यांनिशी मुलांना जवळ घेऊ नये.

पोटदुखी हटत नसेल, तर आपण काय काम करतो हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. रक्त तपासून शिसे कळते.