बेल्याच्या शेतातून एनजीसी ४५६५

आदिलाबादच्या बेला मंडलात काकांच्या शेतावरून एनजीसी ४५६५ टिपली. चुलतभावाने स्क्रीनवर पाहून विचारलं, "ही काडी कसली?"

ही सर्पिल दीर्घिकाच, पण आपल्याला तिची कड दिसते. मधला फुगवटा चिरणारी काळी रेघ म्हणजे चकतीतली धूळ. मागच्या ताऱ्यांचा प्रकाश ती अडवते. विल्यम हर्शेलने ही दीर्घिका १७८५ साली शोधली.

अरुंधती केश तारकासमूहातली ही दीर्घिका एप्रिल-मेच्या रात्री आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येते. तिथे हवेचा थर सर्वांत पातळ!

अडचण उन्हाळ्याची. तापलेल्या सेन्सरवर खोटे ठिपके उमटतात. म्हणून दुर्बिणीला झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या, त्याच तापमानाच्या डार्क फ्रेम घ्या, त्या वजा करा आणि मगच दोन-दोन मिनिटांचे फोटो स्टॅक करा. धुळीची रेघ छान उठून येते.

कॅमेरा, माउंटबद्दल काहीही खुशाल विचारा.