मला विचारलं कुणी?

काही वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका कारखान्यानं मला एक साधं वाटणारं काम दिलं. जुना सर्व्हर बदलायचा होता आणि त्यावर ४१ डेटाबेस होते. डेटाबेस म्हणजे संगणकातली रजिस्टरंच समजा. पगाराचं वेगळं, मालाचं वेगळं, हजेरीचं वेगळं. "वापरात कोणते ते शोधा, बाकीचे पुसून टाकू," असं साहेब म्हणाले. निम्म्यांबद्दल कुणालाच काही सांगता येईना. बनवणारे नोकरी सोडून गेलेले, आणि नावं तर 'नवीन२', 'टेस्ट', 'जुनाफायनल' अशी!

मग ओळखायचं कसं? फाइलची तारीख बघावी, असं कुणालाही वाटेल. पूर्वी फॉक्सप्रोत ते थोडंफार चालायचं. पण मोठे सर्व्हर फाइल सतत उघडी धरून बसतात, त्या तारखेवर विसंबता येत नाही. सर्व्हरलाच विचारावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून ही सोय आहे. कोणता तक्ता शेवटचा कधी वाचला, कधी बदलला, याचं टिपण तो ठेवतो. मात्र हे टिपण पाटीवरचं. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की पाटी कोरी! सोमवारी सर्व्हर सुरू झाला आणि मंगळवारी तुम्ही पाहिलंत, तर हिशेब एका दिवसाचाच मिळणार. म्हणून मी ते टिपण रोज रात्री दुसरीकडे उतरवून ठेवू लागले. कोण, कोणत्या संगणकावरून जोडलं जातंय, तेही टिपत गेले.

तीन महिन्यांत एक गंमत दिसली. एक डेटाबेस रोज पहाटे दोनला कुणीतरी वाचत होतं. म्हणजे वापरात आहे! माग काढला, तर तो आपोआप निघणारा एक अहवाल होता. तो ज्या अधिकाऱ्यांच्या ई-मेलवर जात होता, त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.

उलट, हजेरीचा एक जुना डेटाबेस तीन महिन्यांत कुणी उघडलाही नव्हता. तो पुसावा असा आग्रह झाला. मी पुसला नाही, 'ऑफलाइन' केला. त्यात माहिती जागेवर राहते, फक्त कुणाला उघडता येत नाही. बॅकअप घेतला आणि दुसऱ्या संगणकावर तो उघडतो का, तेही पाहिलं. (न तपासलेल्या बॅकअपवर माझा काडीचाही विश्वास नाही.)

दोन महिन्यांनी टाइम ऑफिसमधले एक वयस्कर कारकून आले. त्यांचा प्रोग्रॅम उघडत नव्हता. निवृत्त होणाऱ्या कामगाराची रुजू झाल्याची तारीख आणि बिनपगारी रजा ते त्यातून काढत, वर्षातून दोन-चार वेळा. त्या महिन्यात एका कामगाराच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब अडला होता. १९८९ पासूनची त्याची नोंद फक्त तिथंच होती. कागदी मस्टर केव्हाच रद्दीत गेलं होतं.

"काका, आधी का नाही सांगितलंत?"

"मॅडम, मला विचारलं कुणी?"

खरंच होतं. मी खातेप्रमुखांना पत्रं पाठवली होती, टेबलावर बसणाऱ्यांना नाही. डेटाबेस पाच मिनिटांत सुरू झाला, कामगाराचे पैसे त्याच महिन्यात निघाले.

त्यानंतर मी प्रत्येक टेबलापाशी जाऊन विचारलं. जे नको ठरले तेही वर्षभर नुसते बंद ठेवले, ३१ मार्च आणि नंतरचं ऑडिट पार पडेपर्यंत. हिशेबाच्या वह्यांचं तर २०१३ च्या कंपनी कायद्यानं किमान आठ आर्थिक वर्षांचं बंधनच आहे.

आणि तो 'टेस्ट' नावाचा? त्यात विक्रेत्यांची खरी येणी-बाकी निघाली.