दोन धक्क्यांच्या गाडीचा सायलेन्सर व क्लच

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर निळसर धूर सोडीत एखादी जुनी ‘आर. एक्स. १००’ जाऊं लागली, कीं माणसें मान वळवून पाहतात. एस्कॉर्ट्स कंपनीनें १९८५ ते १९९६ या काळांत बनविलेली ही दुचाकी अकरा अश्वशक्तीची. तिची भुरळ तरुणांना अजून आहे. गाडी घरीं आली, कीं पहिलें काम ठरलेलें. सायलेन्सरची पुंगळी काढावयाची, किंवा सबंध सायलेन्सरच बदलून बाजारांतला दुसरा बसवावयाचा. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा त्यामागील समज. तो बहुधा खोटा ठरतो. आणि कां, हें कळण्यासाठीं इंजिनाची घडणच पाहावी लागते.

चार धक्क्यांच्या इंजिनांत धुराचें दार झडपेनें मिटतें. दोन धक्क्यांच्या साध्या इंजिनांत अशी झडप नाहीं. नळकांड्याच्या भिंतीला भोकें असतात आणि दट्ट्या खालींवर होतांना तींच उघडतो व झांकतो. जळलेला धूर बाहेर लोटण्याचें काम आंत येणारें पेट्रोल-हवेचें नवें मिश्रण करतें. धुराचें भोंक मात्र सर्वांत शेवटीं मिटतें, म्हणून थोडें ताजें मिश्रणहि धुरामागून निसटूं पाहतें. त्याला परत आंत ढकलणारें कोणीतरी हवें. तें काम धुराच्या नळ्याकडून करवून घेतां येतें.

पूर्व जर्मनींतील एम. झेड. कारखान्याचा अभियंता वाल्टर काडेन यानें १९५० नंतरच्या दशकांत ही विद्या पूर्णत्वास नेली. त्याचा नळा प्रथम रुंदावत जातो, मध्यें पोट धरतो आणि पुढें निमुळता होतो. धूर सुटतांच दाबाची एक लाट नळ्यांतून धांवते. रुंदावत्या भागांतून धूर ओढून घेणारी लाट मागें येते. निमुळत्या भागावर आपटून दाबाची लाट परततें आणि निसटणारें मिश्रण भोंक मिटण्यापूर्वीं आंत कोंबते. एर्न्स्ट डेग्नर हा स्वार १९६१ सालीं देश सोडून जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेला, तो ही विद्या घेऊनच. आणि दुसऱ्याच वर्षीं त्यानें सुझुकीला पन्नास सी.सी.चें जगज्जेतेपद मिळवून दिलें.

आतां थोडें गणित. इंजिन मिनिटाला ७५०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास सेकंदाचा आठ सहस्रांश लागतो. धुराचें भोंक अर्धा फेरा उघडें राहतें असें धरलें, तर लाटेच्या हातीं चार सहस्रांश उरतात. तापलेल्या धुरांत लाट सेकंदाला सुमारें ५०० मीटर धांवते. म्हणजे तेवढ्यांत दोन मीटर. जाण्यायेण्याचा हिशेब करतां परतण्याची जागा भोकापासून एक मीटरवर असावी. परंतु त्याच नळ्यानें गाडी ४००० फेऱ्यांवर चालविली, तर लाट फार लवकर परतते आणि आंत येणाऱ्या नव्या मिश्रणालाच अडविते. शर्यतीचा नळा एका अरुंद पट्ट्यांतच ताकद देतो, तो यामुळें. नुसती पुंगळी काढल्यानें तर बहुधा आवाजच वाढतो.

परदेशांत वाळूच्या टेकड्यांवर धांवणाऱ्या चौचाकी गाड्या असतात. त्यांपैकीं यामाहाची ‘बन्शी’ १९८७ सालीं निघाली. तिचें दोन धक्क्यांचें इंजिन आणि आपल्याकडील ‘राजदूत ३५०’ चें इंजिन एकाच कुळांतलें. वाळूंत इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर ठेवतां येतें, म्हणून तेथें असा नळा शोभतो. नीरा डाव्या कालव्याच्या कडेनें, उसाच्या रानांतल्या चिखलवाटेनें हळूहळू जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

नळा बदलला, कीं क्लचकडे पाहावेंच लागतें. ‘आर. एक्स. १००’ मध्यें क्लचप्लेटा स्प्रिंगांनीं दाबून धरलेल्या असतात. ताकद वाढली तर त्या घसरतात; इंजिन ओरडतें, गाडी मात्र तितकी पळत नाहीं, आणि जळका वास येतो. कडक स्प्रिंगा घातल्या तर घसरणें थांबतें, पण क्लच दाबून हात भरून येतो. १९७२ सालच्या ‘लूना’चा क्लच निराळा. त्यांतील तुकडे फिरण्याच्या जोरानें बाहेर फेंकले जाऊन पकड घेतात. फेरे दुप्पट झाले तर हा जोर चौपट होतो. नळा ६००० फेऱ्यांवर जागा होणारा आणि क्लच ३००० वरच धरणारा, अशी जोडी जमली तर इंजिन गुदमरतें. म्हणून शर्यतवाले तेथें कडक स्प्रिंग घालतात. मग सावकाश चालतांना क्लच सतत घांसत राहून जळतो.

डाळिंबाच्या बागेंत गवत कापणाऱ्या ब्रशकटरमध्येंहि असाच क्लच असतो. त्याची स्प्रिंग सैल पडली, किंवा इंजिनाचे मोकळे फेरे वाढवून ठेवले, तर पातें हात लावल्यावांचून फिरूं लागतें. तें पायाशीं असतें, हें विसरूं नये.

कायद्याचेंहि एक बंधन आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदलेल्या घडणींत मनमानी फेरफार करतां येत नाहीं, आणि आवाज व धूर यांची मर्यादा ओलांडल्यास कलम १९० खालीं शिक्षा आहे. धुराच्याच कारणानें नव्या दुचाकी चार धक्क्यांकडे वळल्या. बारामतींत २०१२ पासून बनूं लागलेली व्हेस्पाहि चार धक्क्यांची.

शर्यतीच्या मैदानासाठीं नळा बदललाच, तर मोकळ्या नळ्यानें हवा अधिक ओढली जाऊन मिश्रण पातळ होतें, दट्ट्या तापतो आणि नळकांड्यांत जाम बसतो. भरधांव गाडीचें मागचें चाक अशा वेळीं एकाएकीं अडकतें. जाणता मिस्त्री थोडें अंतर वेगानें चालवून इंजिन बंद करतो व प्लग काढून पाहतो. चहाच्या रंगाचा तपकिरी प्लग असला तर ठीक. पांढरा पडला असेल, तर कार्ब्युरेटरमध्यें मोठा जेट घातल्यावांचून तो गाडी मालकाच्या हातीं देत नाहीं.