‘सायलेन्सर’ खरेदी करण्यापूर्वी... अमेरिकेत कर माफ, नोंदणी मात्र कायम

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील शनूट हे एक छोटे गाव. तेथील लष्करी सामानाच्या एका दुकानातून एका माजी सैनिकाने आपल्या रायफलसाठी सायलेन्सर विकत घेतला. व्यवहार उघडपणे झाला. कॅन्ससच्या विधिमंडळाने २०१३ मध्ये एक कायदा केला होता. राज्यात तयार झालेल्या आणि राज्याबाहेर न गेलेल्या शस्त्रांना वॉशिंग्टनचे कायदे लागू होणार नाहीत, असे त्यात म्हटले होते. दुकानदाराने आणि ग्राहकाने त्यावर भरवसा ठेवला. इतका, की ग्राहकाने या सायलेन्सरची चित्रफीत फेसबुकवरही टाकली. पुढे केंद्रीय यंत्रणेने दोघांवर खटला भरला आणि २०१६ मध्ये ज्युरींनी दोघांनाही दोषी ठरविले. तुरुंगवास टळला, देखरेखीखालील सुटकेवर भागले. पण गंभीर गुन्ह्याचा डाग कायमचा लागला. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्षा कायम केली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

या माणसाने कोणावर गोळी झाडली नव्हती, की सायलेन्सर चोरलाही नव्हता. नोंदणी न झालेली एक वस्तू त्याच्या ताब्यात होती, इतकाच त्याचा अपराध. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत सायलेन्सरवरील २०० डॉलरचा कर शून्यावर आला आहे आणि त्यामुळे प्रथमच खरेदीचा विचार करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ‘कर गेला म्हणजे कटकट गेली’ असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो समज किती महागात पडू शकतो, हे शनूटच्या प्रकरणावरून ध्यानात यावे.

आवाज ‘बंद’ होत नाही

चित्रपटांनी सायलेन्सरविषयी एक गोड गैरसमज रुजविला आहे. खलनायक पिस्तुलाच्या तोंडाला नळकांडे फिरवून बसवितो, ‘फुस्’ असा आवाज येतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. प्रत्यक्षात असे घडत नाही. बंदुकीचा स्फोट साधारणतः १४० ते १७० डेसिबलच्या दरम्यान असतो. सायलेन्सरमुळे त्यात ढोबळमानाने २० ते ३५ डेसिबलची घट होते. म्हणजे उरलेला आवाजही चांगलाच मोठा असतो. म्हणूनच या व्यवसायातील जाणकार ‘सायलेन्सर’ऐवजी ‘सप्रेसर’, म्हणजे आवाज दाबणारा, हा शब्द अधिक पसंत करतात. अमेरिकी कायद्याच्या भाषेत मात्र ‘सायलेन्सर’ हाच शब्द आहे.

त्याचे कार्य समजण्यास सोपे आहे. काडतुसातील दारू पेटली की अतितप्त वायू प्रचंड दाबाने गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीबाहेर पडताच हा वायू एकदम मोकळ्या हवेत फुटतो आणि कानठळ्या बसविणारा आवाज होतो. सप्रेसरच्या नळकांड्यात एकामागोमाग एक पडदे बसविलेले असतात. गोळी त्यांच्या मधल्या छिद्रातून निघून जाते. वायू मात्र कप्प्याकप्प्यांत अडकतो, पसरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो. मोटारीच्या सायलेन्सरचे तत्त्वही हेच. परंतु गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा अधिक असेल, तर हवा चिरत जाताना होणारा चाबकाच्या फटक्यासारखा आवाज कोणताही सप्रेसर थांबवू शकत नाही.

या साधनाचे पहिले यशस्वी व्यापारी रूप हिराम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याने बाजारात आणले. त्याला त्याचे पेटंट १९०९ मध्ये मिळाले. जगाला मशीनगन देणारे हिराम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्याचे वडील. पित्याने बंदुकीचा गडगडाट वाढविला आणि पुत्राने तो कमी करण्याचा उद्योग मांडला, असा हा योगायोग!

१९३४ चा कायदा

दारूबंदीच्या काळात अमेरिकी शहरांत टोळीयुद्धांना ऊत आला होता. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. अशा घटनांनी हादरलेल्या देशात १९३४ मध्ये ‘नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट’ संमत झाला. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांवर थेट बंदी न घालता त्यांच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर लावण्यात आला आणि नोंदणी सक्तीची झाली. त्या काळचे २०० डॉलर म्हणजे आजचे साडेचार हजार डॉलरहून अधिक. सामान्य माणसाने या वस्तूंच्या वाटेला जाऊ नये, हाच हेतू होता.

गंमत अशी, की कराची रक्कम नव्वद वर्षे तितकीच राहिली आणि महागाईने तिची धार बोथट केली. २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर आलेल्या मोठ्या कर विधेयकाच्या निमित्ताने सायलेन्सरला या कायद्यातून पूर्णपणे वगळण्याचा प्रयत्न झाला. प्रतिनिधिगृहाने तसा मसुदा मंजूरही केला. मात्र, हा विषय अर्थसंकल्पी विधेयकाच्या चौकटीत बसत नाही, असा अभिप्राय सिनेटच्या नियमतज्ज्ञांनी दिला. अखेर तडजोड झाली. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने कर शून्य केला. नोंदणी, ठसे आणि पूर्वपरवानगी मात्र जिथल्या तिथे राहिली. कर नसेल तर कर-कायद्याच्या आधाराने उभी असलेली नोंदणी कशी टिकेल, असा प्रश्न विचारणारे दावेही २०२५ मध्येच दाखल झाले. परंतु न्यायालयात दावा दाखल होणे म्हणजे कायदा रद्द होणे नव्हे.

पहिला प्रश्न : राज्य कोणते?

सायलेन्सर बाळगणे अमेरिकेतील ५० पैकी ४२ राज्यांत सामान्य नागरिकाला शक्य आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या आठ राज्यांत, तसेच राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्याला मनाई आहे. राज्यांची भूमिका बदलत असते. मिनेसोटाने २०१५ मध्ये, तर आयोवाने २०१६ मध्ये बंदी उठविली. बाळगण्यास परवानगी असली तरी शिकारीसाठी वापरण्याचे नियम वेगळे असू शकतात. कनेक्टिकटमध्ये सायलेन्सर ठेवता येतो, पण शिकारीला नेता येत नाही. म्हणून खरेदीदाराने आधी आपल्या राज्याचा कायदा वाचणे आवश्यक ठरते.

खरेदीचा मार्ग

सायलेन्सर कोणत्याही बंदूकविक्रेत्याकडे मिळत नाही. त्यासाठी विक्रेत्याकडे केंद्राचा शस्त्रपरवाना असावा लागतो आणि या विशेष वर्गातील वस्तूंच्या व्यापारासाठी वार्षिक कर भरून त्याने वेगळी नोंद केलेली असावी लागते. विक्रेता ग्राहकाच्याच राज्यातील हवा. परराज्यातील दुकानात एखादा सप्रेसर पसंत पडला, तर तो आधी ग्राहकाच्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर पाठविला जातो. ग्राहकाचे वय किमान २१ वर्षे लागते.

किंमत काही शे डॉलरपासून हजारावर जाते. आपल्या बंदुकीच्या गोळीचा व्यास आणि नळीच्या तोंडावरील आटे यांच्याशी जुळणारा सप्रेसर निवडावा लागतो. नळीला आटेच नसतील तर त्याची सोय आधी करावी लागते. पैसे आधी भरायचे, वस्तू मात्र दुकानदाराच्या तिजोरीत राहते.

यानंतर ‘फॉर्म ४’ नावाचा अर्ज येतो. तो ‘एटीएफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मद्य, तंबाखू, शस्त्रे व स्फोटके विभागाकडे जातो. अर्जासोबत दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे आणि दोन इंच बाय दोन इंचाचे छायाचित्र द्यावे लागते. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला किंवा शेरीफला पाठवावी लागते. पूर्वी या अधिकाऱ्याची स्वाक्षरी अनिवार्य होती आणि ती न देऊन अनेक ठिकाणी अर्जदारांची अडवणूक होत असे. जुलै २०१६ पासून स्वाक्षरीची अट गेली, केवळ कळविणे पुरेसे झाले.

अर्ज ऑनलाइनही करता येतो. ही सोय डिसेंबर २०२१ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाली. कागदी अर्जांच्या काळात वर्षभराची प्रतीक्षा ही नित्याची बाब होती. २०२४ मध्ये अनेक ऑनलाइन अर्ज काही दिवसांत निकाली निघाल्याचे दिसून आले. अर्थात अर्जांची गर्दी झाली की मुदत लांबते.

विभाग अर्जदाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी एफबीआयच्या यंत्रणेतून तपासतो. मंजुरी मिळाली की नोंद ग्राहकाच्या नावे होते आणि मंजूर अर्ज परत येतो. त्यानंतर ग्राहक ओळखपत्र घेऊन दुकानात जातो, बंदूक खरेदीच्या वेळी भरावयाचा नेहमीचा फॉर्म भरतो आणि तेव्हाच वस्तू त्याच्या हाती पडते. मंजूर अर्जाची प्रत सायलेन्सरसोबत बाळगणे शहाणपणाचे.

स्वतःच्या नावे की विश्वस्त निधी?

अर्ज व्यक्तीच्या नावे करता येतो किंवा ‘ट्रस्ट’च्या नावे. व्यक्तीच्या नावे नोंद असेल, तर मालकाच्या गैरहजेरीत पत्नीने किंवा भावाने सायलेन्सर स्वतःजवळ ठेवणेही अडचणीचे ठरू शकते. ट्रस्ट केल्यास त्यातील सर्व विश्वस्तांना तो कायदेशीरपणे वापरता येतो. मात्र २०१६ च्या नियमानुसार प्रत्येक जबाबदार विश्वस्ताचे ठसे व छायाचित्र द्यावेच लागते. पूर्वीची पळवाट आता उरलेली नाही. मालकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला वेगळा अर्ज करून नोंद आपल्या नावे करून घेता येते.

मराठी कुटुंबांसाठी धोक्याची घंटा

टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना यांसारख्या राज्यांत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या भारतीयांनी, त्यात मराठी मंडळीही आली, एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवणे जरुरीचे आहे. अमेरिकी कायद्यानुसार सायलेन्सर हे स्वतःच ‘फायरआर्म’ मानले जाते. ते बंदुकीवर बसविलेले नसले तरी. आणि एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला शस्त्र बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यासारखे काही अपवाद आहेत, पण त्यांचा अर्थ वकिलाकडूनच समजून घ्यावा. ग्रीन कार्डधारकाला खरेदी करता येते. तथापि, शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास त्यालाही देशाबाहेर काढले जाऊ शकते. नोंदणी नसलेला सायलेन्सर बाळगल्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. एका नळकांड्यापायी घर, नोकरी आणि मुलांचे शिक्षण पणाला लागू शकते.

इंटरनेटवर बंदूक साफ करण्याचे साहित्य म्हणून विकली जाणारी काही नळकांडी हा असाच एक सापळा आहे. स्वस्त आणि घरपोच असल्याने ती आकर्षक वाटतात. परंतु अशा वस्तूंना सायलेन्सर ठरवून विभागाने खरेदीदारांवर कारवाई केलेली आहे.

भारतात परतताना सामानात सायलेन्सर आणण्याचा विचारही करू नये. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेच्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाला कमी करणाऱ्या साधनांचा अंतर्भाव आहे. अमेरिकेतील मंजूर अर्ज मुंबई विमानतळावर कामास येत नाही.

वाद संपलेला नाही

समर्थकांचे म्हणणे असे, की हे कान वाचविणारे साधन आहे. नॉर्वे, फिनलंड येथे शिकारी ते सर्रास वापरतात आणि शेजाऱ्यांनाही त्रास कमी होतो. विरोधक ३१ मे २०१९ च्या व्हर्जिनिया बीच येथील हत्याकांडाकडे बोट दाखवितात. तेथे बारा जणांचा बळी घेणाऱ्या हल्लेखोराच्या पिस्तुलावर सायलेन्सर होता. आवाज ओळखू न आल्यास लोकांना पळण्यास आणि पोलिसांना शोध घेण्यास वेळ लागतो, हा त्यांचा मुद्दा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि नोंदणी कायम ठेवून कर माफ करणारी २०२५ ची तडजोड कोणाचेच पूर्ण समाधान करीत नाही.

पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याने मात्र या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहत नियम मोडू नयेत. राज्याचा कायदा, आपला व्हिसा किंवा नागरिकत्व, विक्रेत्याचा परवाना आणि मंजूर अर्ज या चार गोष्टी पक्क्या झाल्याखेरीज वस्तू हाती घेऊ नये. शनूटच्या त्या माजी सैनिकाने राज्याच्या विधिमंडळावर विश्वास ठेवला होता. न्यायालयात तो विश्वास बचाव म्हणून टिकला नाही.