भाडेकरूंची नोंद

कॅमडेन म्हटलं की लंडन पाहून आलेल्यांना आठवतो तो तिथला बाजार. चामडी जाकिटं, खाण्याच्या टपऱ्या, कालव्याच्या काठावर पाय सोडून बसलेली पोरं. त्या बाजाराच्या एका भागाला ‘स्टेबल्स’ का म्हणतात, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. तिथे खरोखरच रेल्वेच्या घोड्यांचे तबेले होते, आजारी घोड्यांसाठी दवाखानाही होता. 1837 साली यूस्टनहून गाड्या सुटू लागल्या, पण कॅमडेनपर्यंतच्या चढावर त्यांना इंजिन ओढत नसे. वर जमिनीखाली बसवलेली वाफेची यंत्रं त्यांना दोराने खेचून घेत. ही तऱ्हा 1844 पर्यंत चालली. तीन वर्षांनी इंजिनांसाठी गोल शेड उभी राहिली, राउंडहाउस. पुढे तिथे जिनची पिंपं साठवली गेली, आणि आता गाण्याच्या मैफली होतात. आसपासच्या गल्ल्यांत पियानो बनवणारे छोटे कारखाने होते. थोडक्यात, हा भाग म्हणजे लंडनच्या पोटातलं कारखान्यांचं गाव.

या गावाचं दफ्तर होबर्नच्या सार्वजनिक वाचनालयात, थिओबाल्ड्स रोडवर आहे. कॅमडेन लोकल स्टडीज अँड आर्काइव्हज सेंटर असं त्याचं लांबलचक नाव. हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पँक्रस या तीन पालिका 1965 मध्ये एक झाल्या, त्यामुळे दफ्तरंही तीन घरची. सेंट पँक्रसचा वाटा सर्वांत रंगतदार, आणि तो जमवला एका दुकानदाराने. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या प्रसिद्ध फर्निचरच्या दुकानाचे मालक अँब्रोज हील (थोरले) यांनी आपल्या भागाची चित्रं, नकाशे, कात्रणं आयुष्यभर गोळा केली. 1913 मध्ये ते गेले आणि हा ठेवा पालिकेला मिळाला. याच पालिकेच्या कारभारात बर्नार्ड शॉ यांनी 1897 ते 1903 अशी सहा वर्षं गटारं आणि आरोग्याच्या प्रश्नांवर डोकं घातलं. 1934 पासून व्ही. के. कृष्ण मेनन इथले नगरसेवक होते आणि वाचनालयांसाठी झटत होते.

पण शॉ किंवा मेनन यांच्यासाठी इथे येणारे थोडेच. बहुतेकांना आपली पणजी हवी असते. तिच्यासाठी हायगेट दफनभूमीच्या नोंदींच्या प्रती, मतदारयाद्या, जुन्या व्यापारी निर्देशिका आणि घरपट्टीच्या वह्या चाळाव्या लागतात. घरपट्टीच्या वह्या फार विश्वासू, कारण पैशाचा हिशेब कुणी सहसा चुकवू देत नाही. रस्ता, घर, पट्टी भरणारा, रक्कम, सगळं ओळीने सापडतं. मात्र त्याच घरात खोली घेऊन राहणारा माणूस तिथे दिसत नाही. तो पट्टी भरत नव्हता, म्हणून वहीच्या लेखी तो नव्हताच.

मराठी वाचकाला हे चटकन पटावं असं उदाहरण याच कॅमडेनमध्ये आहे. प्रिमरोज हिलजवळ, 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहत. त्यांचं लंडनमधलं बरंचसं जग आजच्या कॅमडेनच्या हद्दीत मावतं. ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय इथलंच, आणि ज्या ग्रेज इनमध्ये त्यांनी बॅरिस्टरीचा अभ्यास केला ते तर या दफ्तरापासून हाकेच्या अंतरावर. (सावरकरही ग्रेज इनचेच, पण त्यांना सनद नाकारली गेली.) लंडनच्या त्या वर्षांत रात्री पापड आणि कपभर दुधावर भूक भागवणारे बाबासाहेब धनंजय कीरांच्या चरित्रात भेटतात. घरपट्टीच्या वहीत ते भेटायचे नाहीत. घर दुसऱ्याचं, आणि ते भाडेकरू.

भाडेकरूला थारा देणारा एक कागद म्हणजे जनगणना. घरात त्या रात्री जो जो असेल त्या सगळ्यांची नावं तीत लिहायची असतात. 1921 ची गणना एप्रिलऐवजी 19 जूनला झाली, कारण कोळसा खाणींतला तंटा. शंभर वर्षांच्या गुप्ततेनंतर ती 2022 च्या जानेवारीत खुली झाली. पुढे मात्र काळोख. 1931 ची गणना 1942 मध्ये आगीत गेली आणि 1941 ची युद्धामुळे झालीच नाही. म्हणजे 1921 नंतरचा सामान्य लंडनकर जनगणनेत शोधायचा तर मोठी पंचाईत.

किंग हेन्रीज रोडवरचं ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला पंतप्रधान मोदींनी स्मारकाचं उद्घाटन केलं. पुढे कॅमडेन काउन्सिलने आक्षेप घेतला, की संग्रहालय झालं तर राहण्याजोगी जागा कमी होते. सार्वजनिक सुनावणीनंतर 2020 च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. आपल्याकडे त्या आक्षेपावर संताप झाला आणि तो समजण्यासारखा होता. तरी घरटंचाईच्या त्या शहरात काउन्सिलने एकेका खोलीसाठी भांडावं, हे मला तितकंसं हास्यास्पद वाटत नाही.

खोल्यांचा प्रश्न कॅमडेनला जुनाच. 1905 मध्ये एकट्या कष्टकऱ्यांसाठी इथे राउटन हाउस बांधलं गेलं, हजाराहून अधिक खाटांचं. पुढे त्याचं नाव आर्लिंग्टन हाउस झालं आणि आयर्लंडहून आलेल्या मजुरांच्या पिढ्या तिथे राहिल्या. अशा माणसांचा इतिहास कागदावर शोधत बसण्यापेक्षा त्यांना बोलतं करावं, हे लोकांना उशिरा सुचलं. 2004 मध्ये ‘किंग्ज क्रॉस व्हॉइसेस’ हा मौखिक इतिहासाचा उपक्रम सुरू झाला. स्थानकामागचे कोळशाचे धक्के, गॅसच्या टाक्या आणि त्यांच्या सावलीत राहिलेली माणसं बदलाच्या तडाख्यात सापडायच्या आत त्यांच्या तोंडून ऐकून ठेवायची, हा हेतू. ती ध्वनिमुद्रणं याच दफ्तरात आली. कोळशाच्या धक्क्यांवर 2018 पासून महागडी दुकानं आहेत.

त्याच 2004 साली मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं गिरणगावावरचं इंग्रजी पुस्तक आलं, गिरणी कामगारांच्या तोंडून सांगितलेलं. पुढे ते ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ म्हणून मराठीत आलं. फिनिक्स मिलच्या चिमणीखाली तेव्हा मॉल उभा राहत होता. पण लालबागच्या किंवा काळाचौकीच्या माणसाने आपल्या आजोबांचा शोध घ्यायला जायचं कुठे? काळा घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याचा कारभार आहे, साहेबांचा पत्रव्यवहार आहे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या पंधरा-वीस कोकणी गाळेकऱ्यांपैकी भाडेपावती मिळे ती एकाच्या नावावर. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्यांचं कूळ आणि गाव कदाचित सापडेल, खोलीचा नंबर नाही.

त्या गाळेकऱ्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची गोष्ट थोडी निराळी. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. कर्ज म्हटलं की अर्ज आला, पत्ता आला, सही किंवा अंगठा आला. गिरणगावात वर्षानुवर्षं भाकऱ्या थापणाऱ्या कितीतरी जणींचं पूर्ण नाव प्रथमच कागदावर आलं ते तिथे, आणि तेही कर्जदार म्हणून.